वरचा थर

टमाट्याचं कॅरेट भरणं ही एक कला आहे. तळाला डागी, मधे हिरवट आणि वर एकाच आकाराचा, लालभडक, चकचकीत माल; देठ खाली, गाल वर. पिंपळगाव बसवंतच्या बाजार आवारात लिलाव सुरू झाला की व्यापारी येतो, कॅरेटमध्ये कोपरापर्यंत हात घालतो आणि तळाचं एक फळ उपसून वर धरतो. तो शेतकऱ्याकडे बघतो, शेतकरी आभाळाकडे बघतो. मग भाव फुटतो. सगळेच असं भरतात असं मी म्हणणार नाही, मला याच गावात राहायचं आहे. पण २०२३च्या पावसाळ्यात २० किलोच्या कॅरेटला २ हजारांच्या आसपास भाव गेला तेव्हा तळाच्या थराची नीतिमत्ता काय होती, आणि दोनेक महिन्यांत तोच माल रस्त्यावर ओतायची वेळ आली तेव्हा काय होती, याचा अभ्यास एखाद्या पाळकाने करायला हरकत नाही.

पण आम्हा ख्रिस्ती लोकांना कॅरेटकडे बघायला वेळ कुठे? आम्ही जगाकडे बघतो. जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळीत रविवारी जाऊन बसा. महिन्यातून एकदा तरी उपदेशाचा विषय ठरलेला: आजचं जग स्वार्थी झालं आहे, प्रियांनो. सगळे माना डोलावतात. डोलावताना प्रत्येकाची नजर शेजारच्या बाकावर असते.

जगाविरुद्धचा पुरावा तसा गावभर टांगलेला आहे, हे कबूल. मुंबई-आग्रा महामार्गावरून पिंपळगावात शिरलं की गाव दिसायच्या आधी चेहरे दिसतात. वाढदिवसाचे, निवडीचे, फेरनिवडीचे. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, तसे सगळे ‘भावी सरपंच’ रातोरात बढती मिळून ‘भावी नगरसेवक’ झाले. चेहरा तोच, गॉगल तोच, खालची पट्टी तेवढी बदलली. यावर आम्ही ख्रिस्ती लोक मनसोक्त हसतो. मग नाताळ येतो आणि आमचा तरुण संघ स्वतःचा फ्लेक्स लावतो. मधोमध अध्यक्ष, बाजूला कार्याध्यक्ष, खाली सदस्यांच्या पासपोर्ट फोटोंची माळ आणि उजव्या कोपऱ्यात, डिझाइनवाल्याला जागा उरली म्हणून, गव्हाणीतलं बाळ. बेथलेहेमच्या धर्मशाळेत त्याला जागा मिळाली नव्हती. आमच्याकडे निदान कोपरा मिळतो.

आम्ही आहोत तरी किती? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार. शंभरात एकसुद्धा धड नाही. एवढ्याशा समाजाने आपण जगापेक्षा वेगळे आहोत हे दाखवायचं, तर वेगळेपण कुठे आहे ते आधी सापडायला हवं. मी शोधतोय.

साक्ष देण्याच्या वेळी शोधलं. जुने लोक सांगतात त्यावरून पूर्वी साक्षीत माणूस स्वतःची लाज सांगायचा. दारू प्यायचो, भावाचं शेत बळकावलं होतं, परत दिलं, वगैरे. ऐकणाऱ्याला घाम फुटायचा. आता साक्ष म्हणजे मालमत्तेचं विवरणपत्र. प्रभूने गाडी दिली. प्रभूने पोरीला कॅनडाचा व्हिसा दिला. प्रभूने सातबाऱ्यावर नाव लावून दिलं. या शेवटच्या चमत्कारात तलाठ्याचाही वाटा होता, पण तो गुप्त ठेवला जातो. मग त्याच गाडीच्या मागच्या काचेवर क्रूस चिकटतो आणि ती गाडी पिंपळगावच्या टोलनाक्यावर रांग मोडून पुढे घुसते. मागचा ट्रकवाला जे बोलतो, ती या गाडीबद्दलची खरी साक्ष. इथे छापण्यासारखी नाही.

आमच्यावर एक जुना आरोप आहे, सगळ्यांना माहीत असलेला: तांदळाच्या पोत्यासाठी बाटलेले. समाजमाध्यमांवर कुणाशी वाद घाला, तिसऱ्या वाक्याला पोतं येतं. माझ्या पणजोबांना मिळालेलं ते पोतं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शोधतोय. पोटमाळ्यावर नाही, कणगीत नाही, वाटणीच्या कागदातही नाही. उलट त्या काळात बाप्तिस्मा घेतला की विहीर बंद, भावकी बंद, सोयरीक बंद, आणि मिशनरी पोतं देतोय म्हणावं तर तोच तापाने फणफणलेला. त्यामुळे हा आरोप मी आजवर हसून सोडून देत आलो.

अलीकडे हसू येत नाही. कारण ज्याचा आळ आमच्या पूर्वजांवर घेतला गेला, ते काम त्यांची पतवंडं मोठ्या हौसेने करू लागली आहेत. मंडप, कीबोर्ड, घसा फोडून बोलणारा पाहुणा प्रचारक आणि संदेश काय, तर अर्पणात टाक, दहापट घे. बी पेर, बंगला घे. हे पोतंच आहे, फक्त देणारा स्वर्गात आहे आणि मध्ये अडत्या बसला आहे. आणि पिंपळगावकरांना अडत्या ओळखायला शिकवायचं म्हणजे फारच झालं.

हंगामाच्या सणाचं सांगतो, कारण तिथे आमच्या स्वभावाचा उघड लिलाव होतो. पहिलं पीक देवाला द्यायचं, ही चांगली जुनी रीत. कुणी भोपळा आणतो, कुणी कोंबडी, कुणी द्राक्षांची पेटी, कुणी घरचे अनारसे. उपासना झाली की अंगणात लिलाव. आता बाजार समितीतला लिलाव आणि मंडळीतला लिलाव यांत एक शास्त्रीय फरक आहे. तिथे व्यापारी भाव पाडायला बोलतात, इथे बंधुजन भाव चढवायला बोलतात. ४० रुपयांचा भोपळा हजारात जातो. का जातो? देवावरच्या प्रेमाने? मग ते हजार रुपये पाकिटात घालून पेटीत टाकता आले असते आणि भोपळाही कुणा गरजवंताच्या घरी गेला असता. पण पेटीला टाळ्या नसतात. भोपळ्याला असतात. एकदा दोन व्याह्यांमध्ये एका कोंबडीवरून अशी चढाओढ लागली की कोंबडीच गांगरून गेली. शेवटी ती ज्यांनी घेतली त्यांचं नाव माईकवरून तीनदा झालं, ज्यांची सुटली ते प्रभुभोजनाला त्यांच्या शेजारी बसेनात. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आम्हाला तोंडपाठ आहे. ती माईकवर कुणी पुकारली नव्हती, हा तपशील पाठ करायचा राहिला.

वेगळेपण शोधताना मागेही वळून बघितलं. आपल्याच जिल्ह्यात निष्ठेचं एक प्रकरण होऊन गेलं, आणि ते आमच्या मंडळ्यांमध्ये क्वचितच कुणाला माहीत असतं. पिंपळगावपासून ३० किलोमीटरवर. नाशिकचा शरणपूर रोड सगळ्यांना ठाऊक आहे: दवाखाने, क्लासेस, शोरूम, पार्किंगची मारामारी. त्या रस्त्याला ज्याचं नाव आहे ते शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या मिशनऱ्याने ती १८५४च्या सुमारास वसवली. पुढे तिथे एक वेगळीच शाळा सुरू झाली. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रज आरमार पकडायचं आणि त्यातली आफ्रिकन पोरं मुंबईला उतरवायचं. आईबाप कुठे, गाव कुठलं, काही पत्ता नाही. अशी पोरं नाशिकला आणून त्यांना सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी आणि बायबल शिकवलं जायचं. आफ्रिकेच्या इतिहासात ही मुलं ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली जातात. आपल्या इतिहासात ती कशानेच ओळखली जात नाहीत.

१८६५ मध्ये आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन इथे आला आणि पुढच्या मोहिमेसाठी त्याने शरणपूरची काही मुलं निवडली. आता इथे लगेच डोळे पाणावून घेऊ नका. या तुकडीतली काही मुलं वाटेतच त्याला सोडून गेली. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत त्यांच्याविषयी चांगली खरमरीत कुरकुर आहे. त्याच्या जागी कुणी पिंपळगावचा बागायतदार असता, तरी मजुरांबद्दल याहून वेगळं लिहिलं नसतं. काही मात्र टिकली. १८७२ मध्ये आणखी काही नाशिककर मुलं त्याच्याकडे पोचली, त्यात जेकब वेनराइट. आधीपासून सोबत होते चुमा आणि सुसी. चुमाही गुलामीतून सोडवलेला. त्याला मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं होतं.

१ मे १८७३. आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन मेला. साहेब मेला, करार संपला. पगार द्यायला कुणी नाही, हुकूम द्यायला कुणी नाही. समुद्र तिथून सुमारे दीड हजार किलोमीटर. शहाण्या माणसाने काय केलं असतं? खड्डा खणला असता, प्रार्थना म्हटली असती, सामान वाटून घेतलं असतं आणि आपापल्या वाटेने गेला असता. यांनी साहेबाचं काळीज झाडाखाली पुरलं, जेकबने अंत्यविधी वाचला आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. देह मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि चालायला लागले.

वाटेत टाबोऱ्याजवळ त्यांना कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्यालाच लिव्हिंग्स्टनच्या मदतीला पाठवलेलं होतं. तो म्हणाला, कशाला जीव धोक्यात घालता, इथेच पुरून टाका. अगदी व्यवहारी सल्ला. कुठल्याही पंचकमिटीने एकमताने मंजूर केला असता. यांनी नाही म्हटलं. गोऱ्या साहेबाला तोंडावर नाही, तेही गुलामीतून सुटलेल्यांनी. पुढे गावकरी प्रेत नेऊ देईनात, तर यांनी खोटं प्रेत बनवलं, सहा माणसांकरवी परत पाठवल्याचा देखावा केला आणि खरं प्रेत व्यापाऱ्याच्या कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून पुढे नेलं. खोटेपणा झाला का? झाला. रविवारच्या शाळेत हा भाग गाळतील. मला तोच सगळ्यात आवडतो.

१८७४च्या फेब्रुवारीत ते किनाऱ्याला, बागामोयोला पोचले. देह इंग्रज वकिलातीच्या ताब्यात दिला. वकिलातीने काय केलं? पगार चुकता केला आणि सांगितलं, या आता. नऊ महिने प्रेत वाहून आणलेल्या माणसांना बोटीवर जागा नव्हती. एकटा जेकब इंग्लंडला गेला, कारण मिशनने त्याचं भाडं भरलं आणि त्याला इंग्रजी येत होतं. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. पेटीसोबतचा त्याचा फोटोही निघाला. म्हणजे तेव्हाही फोटोत तोच आला ज्याला इंग्रजी येत होतं. तांड्याचं नेतृत्व केलेले चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नंतर कुणाला तरी चुटपुट लागली आणि रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सगळ्यांसाठी पदकं पाडली, पण तोवर बरेचसे लोक पांगले होते. बाजारात माल उचलला गेल्यावर पट्टी आली, तसं.

ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या दगडावर कोरलेलं आहे की विश्वासू हातांनी त्याला जमिनीवरून आणि समुद्रावरून इथवर आणलं. पुढे लिव्हिंग्स्टनचं नाव, जन्म, मृत्यू, पराक्रम. हात कुणाचे, ते नाही.

आणि एक बारीकसा खडा मंडळीच्या घासात टाकून ठेवतो. ख्रिस्ती निष्ठेचा हा नमुना म्हणून कुणी पुढच्या रविवारी हे प्रकरण व्यासपीठावरून सांगायला घेईल, म्हणून सांगतो. या तांड्याच्या दोन म्होरक्यांपैकी एक, सुसी, तेव्हा ख्रिस्ती नव्हता. त्याचा बाप्तिस्मा १८८६ मध्ये झाला, प्रेत पोचवून झाल्यावर बारा वर्षांनी. तेव्हा निष्ठेचा मक्ता आपल्याकडे असल्याचा फ्लेक्स छापायला टाकला असेल, तर डिझाइनवाल्याला जरा थांबवा.

निःस्वार्थीपणाचं आणखी एक घरगुती प्रकरण नाशिकच्याच खात्यात जमा आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनचा बांधील पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. पगार सोडणारा धर्मसेवक हा प्राणी आता कुठे आढळल्यास कृपया कळवावं. आम्ही त्यांच्या नावाने स्पर्धा घेतो, जयंत्या करतो, त्यांची भजनं डोळे मिटून म्हणतो. पण त्यांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची, ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझं लक्ष दुसरीकडेच जातं. लक्ष्मीबाई, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८. नवरा धर्म बदलून बसला म्हणून पाच वर्षं हिने माहेरच्यांच्या आधाराने काढली. मग स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेने त्या वाटेवर आली. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि त्यानंतर? टिळक देत सुटायचे आणि घरात काय शिल्लक आहे ते लक्ष्मीबाई बघायच्या. एकाने निःस्वार्थी व्हायचं ठरवलं की त्याचा हिशोब बहुतेक वेळा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात लागतो. बाईंचा मोठेपणा हा की त्यांनी हे रडत सांगितलं नाही, हसत सांगितलं. आणि हसत सांगितल्यामुळे आपण ते गोड समजून सोडून दिलं.

आजही हेच. स्वतःकडे बघू नका, सेवा करा, असा उपदेश चालू असतो तेव्हा महिला मंडळ मागच्या खोलीत चहा गाळत असतं. त्या बायांनी तो उपदेश ऐकलेला नसतो, नुसता केलेला असतो. एखादीने म्हणावं की मला या रविवारी पुढच्या बाकावर बसून ऐकायचं आहे, तर लगेच ती आधुनिक होते, टीव्हीने बिघडते, जगाचा आत्मा तिच्यात शिरतो. ‘मी’पणाची ही चाचणी पंचकमिटीवर एकदा करून बघावी. कमिटीची निवडणूक, मिशनच्या जमिनी, धर्मादाय आयुक्तांकडचे अर्ज, त्यावरचे हरकतीचे अर्ज, हरकतीवरच्या हरकती. वडील मंडळी ख्रिस्तवासी होतात, दावे चालू राहतात. अनंत जीवन म्हणतात ते महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयात मिळतं.

मला विचारलं जातं की, मग करायचं काय? मोबाईल फेकायचा? स्टेटस ठेवायचं नाही? ठेवा हो. सकाळी वचन टाका, दुपारी बिर्याणी टाका, देवाला दोन्ही चालत असावं. तरुणांच्या सेल्फीवर मी फार रागावत नाही. तो पोरगा निदान स्वतःचा फोटो स्वतः काढतो. दुसऱ्याला अन्न वाटताना तिसऱ्याला फोटो काढायला लावणारे वेगळे. लॉकडाऊनमध्ये एका किराणा पिशवीला पाच हात लागलेले फोटो आपण पाहिले आहेत. विश्वासू हात. यांची मात्र नावं खाली होती.

माझी तक्रार वेगळी आहे. आमचं अविश्वासूपण जिथे असतं तिथे कॅमेराच नसतो, उपदेशही नसतो. द्राक्षाचा हंगाम घ्या. गोडी छाटणीपासून पुढे बागेत माणसांचा राबता: छाटणी, विरळणी, डिपिंग, काढणी. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, लेकराबाळांसकट. त्यांतले काही घरी क्रूस लावणारे, म्हणजे कागदोपत्री आमचे भाऊबंद. एकरी उक्तं ठरतं, मुकादमाच्या हातात उचल पडते आणि बाकी रक्कम ‘माल गेला की’. माल जातो. मग व्यापाऱ्याचे पैसे आले की. ते येतात. मग बँक बंद. व्यापारी बुडवून पळाला तर शेतकरी खरंच मरतो, ते दुःख मी नाकारत नाही. या पट्ट्यात ते फार घरांनी भोगलंय. मी बोलतोय ते पैसे आलेल्या वर्षाबद्दल. सूर्य मावळायच्या आत मजुराची मजुरी द्या, असं बायबलातल्या अनुवादाच्या पुस्तकात स्वच्छ लिहिलेलं आहे. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतमजुरांच्या थकवलेल्या मजुरीवर श्रीमंतांना जे सुनावलंय, ते वाचून तर बागायतदाराने छाटणीची कात्री खाली ठेवावी. या वचनांवर उपदेश मी अजून ऐकलेला नाही. बागायतदार बंधू पुढच्या बाकावर असतात, आणि चर्चच्या नव्या छताची मोठी देणगी त्यांचीच आहे, पंख्यावर नाव आहे.

अशाच एका बंधूंनी गेल्या मोसमात शनिवारी संध्याकाळी टोळीला सांगितलं, आज सुटे नाहीत, सोमवारी या. रविवारी त्यांनी साक्ष दिली, की यंदा एक्सपोर्टचा माल निघाला, प्रभूने भरभरून दिलं. मंडळीने टाळ्या वाजवल्या. सोमवारी सकाळी टोळी दारात आली, तेव्हा साहेब तीन दिवसांच्या आत्मिक शिबिराला गेले होते.